मीठ, हेरिंग आणि सात मनोरे : ल्यूबेकमधले पाच दिवस

माझं आजोळ पेणकडचं, मिठागरांच्या काठचं. लहानपणी मीठ म्हणजे खाडीच्या बाजूला पडलेल्या पांढऱ्या राशी. त्याला काही मोल असेल असं कधी मनात आलं नाही. पुढे केव्हातरी वाचनात आलं की उत्तर जर्मनीतलं एक गाव मीठ आणि मासळी यांच्या जोरावर मोठं झालं, इतकं की दोनशेच्या आसपास शहरांनी त्याचं पुढारपण मानलं. तेव्हापासून ल्यूबेक डोक्यात बसलं होतं. भाची हॅम्बुर्गला नोकरीला आहे. या सप्टेंबरात तिने रजा काढली आणि आम्ही दोघी निघालो.

पहिला दिवस

हॅम्बुर्गहून आगगाडीने पाऊण तास. स्टेशनातून बाहेर पडून दहा मिनिटं चाललं की ट्राव्हे नदीच्या अलीकडे गावाची वेस दिसते, होल्स्टनटोर. दोन जाडजूड गोल बुरूज, डोक्यावर काळ्या पाटीच्या निमुळत्या टोप्या आणि मध्ये कमानीचा दरवाजा. समोर उभी राहिले तर काहीतरी खटकत होतं, काय ते कळेना. मग लक्षात आलं, बुरूज सरळ नाहीतच. दोघेही एकमेकांकडे कललेत, दक्षिणेकडचा जरा जास्तच. खालची जमीन दलदलीची. हिन्रिख हेल्मस्टेडे या स्थापत्यकाराने १४६४ ते १४७८ या काळात ही वेस उभी केली आणि काम चालू असतानाच ती खचायला लागली. बुरुजांच्या तळाशी जंग्यांची जी ओळ होती, ती आज जमिनीच्या पातळीखाली गेली आहे. खड्ड्यात डोकावून पाहिलं तर त्यांची तोंडं दिसतात.

बाहेरच्या अंगाची भिंत साडेतीन मीटर जाड, गावाकडची एक मीटरसुद्धा नाही. शत्रू बाहेरून येणार, तेव्हा चुना-वीट तिकडेच ओतलेली. बाहेरच्या बाजूला लॅटिन अक्षरं आहेत, अर्थ असा : घरात एकी, बाहेर शांतता. वेस पाडावी की राखावी यावर एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला आणि १८६३ मध्ये नागरिकांच्या सभेत फक्त एका मताने ती वाचली. ते एक मत फिरलं असतं तर! पुढे हीच वेस पन्नास मार्कांच्या नोटेवर आली. भाचीच्या घरमालकीणबाईंना ती नोट अजून आठवते.

वेशीतून आत शिरल्यावर उजव्या हाताला, नदीच्या अगदी कडेला, सहा उंच विटांची घरं खांद्याला खांदा लावून उभी आहेत. मी आले होते ती यांच्यासाठी. ही मिठाची कोठारं, १५७९ ते १७४५ या काळात बांधलेली. पायऱ्यापायऱ्यांनी वर निमुळत्या होत गेलेल्या दर्शनी भिंती, छोट्या खिडक्या आणि दारापासून पाण्यापर्यंत जेमतेम काही पावलं. होडी लागली की पिंप थेट आत.

आता हे मीठ कशाला, ते सांगते, कारण सगळ्या गावाची किल्ली तिथे आहे. मध्ययुगातला ख्रिस्ती युरोप दर शुक्रवारी आणि ईस्टरआधीचे चाळीस दिवस मांस वर्ज्य करी. मग खायचं काय? मासे. आज दक्षिण स्वीडनमध्ये असलेल्या स्कॅनिया किनाऱ्यावर तेव्हा शरदात हेरिंगच्या प्रचंड झुंडी येत. पण हेरिंग चरबीचा मासा, आपल्या तारली-बांगड्यासारखा. हातोहात मीठ लागलं नाही तर सडलाच. मिठात थर लावून पिंपात दाबला की मात्र महिनोन्‌महिने टिकतो आणि बोटीवरून कुठंही जातो. मासा स्कॅनियाला, गिऱ्हाईक अख्ख्या युरोपात, आणि ल्यूबेकच्या स्वतःच्या अंगणात ना तो मासा ना ते मीठ. या दोन्हींची गाठ घालून देणारा हात तेवढा ल्यूबेकचा.

"मावशी, समुद्र तर इथून वीस किलोमीटरवर. मग मीठ समुद्राचंच का नाही काढलं त्यांनी?" भाचीने विचारलं. प्रश्न बरोबर होता. बाल्टिक समुद्र चवीला जवळजवळ अळणी. कितीतरी नद्या त्यात पाणी ओततात आणि मोठ्या समुद्राशी जोडणारी वाट अरुंद. त्यात तिथलं ऊन असं की आपल्यासारखी मिठाची कोंडी भरून ठेवली तर वर्षभरात पाणी आटायचं नाही, उलट पावसाने वाढेल. म्हणून मीठ दुरून आणायचं. ते कुठून, हे बघायला तिसरा दिवस राखून ठेवला होता.

संध्याकाळी सेंट पेत्री चर्चच्या मनोऱ्यावर गेलो. पन्नास मीटरवर सज्जा आहे, लिफ्टने जाता येतं. वरून गावाचा आकार कळतो : ट्राव्हे आणि वाकेनित्स या नद्यांनी वेढलेलं लांबट बेट, लाल कौलांचं, आणि त्यातून वर आलेले सात मनोरे. होल्स्टाइनच्या अडोल्फ दुसरा या सरदाराने ११४३ मध्ये हे गाव वसवलं, 'सिंह' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हाइनरिखने ११५९ मध्ये नव्याने उभं केलं. १२२६ मध्ये सम्राट फ्रीडरिख दुसरा याने सनद दिली आणि गाव स्वतंत्र झालं. मध्ये कोणी सरदार नाही, थेट बादशहाशी नातं. हे स्वातंत्र्य ७११ वर्षं टिकलं आणि १९३७ मध्ये नाझी राजवटीने एका कायद्याने संपवलं.

दुसरा दिवस

सकाळ सेंट मारीएन चर्चमध्ये गेली. अर्धा तास ठरवला होता, बाहेर पडायला दुपार झाली.

या भागात दगड नाही. डोंगरच नाहीत तर दगड कुठून येणार? म्हणून फ्रान्समधली दगडी गॉथिक शैली यांनी विटेत उतरवली. तेराव्या-चौदाव्या शतकांत बांधलेल्या या चर्चचं मधलं छत साडेअडतीस मीटर उंच आहे. विटेच्या कमानीचं एवढं उंच छत जगात दुसरीकडे नाही. दोन मनोरे सव्वाशे मीटरच्या घरातले. आणि हे बिशपचं देऊळ नव्हे हो, व्यापाऱ्यांचं. बिशपचं कॅथेड्रल बेटाच्या दक्षिण टोकाला आहे, हाइनरिखने ११७३ मध्ये पाया घातलेलं. व्यापाऱ्यांनी बाजाराच्या चौकाला लागून, नगरसभेच्या पाठीशी आपलं चर्च बांधलं, आणि बिशपच्या चर्चहून मोठं बांधलं. गावात शब्द कोणाचा चालतो हे न बोलता सांगितलं. बाल्टिकच्या काठाकाठाने पुढे कितीतरी गावांनी याचीच प्रतिकृती उभी केली.

गाभाऱ्यामागच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर येशूच्या शेवटच्या भोजनाचं दगडी शिल्प आहे. त्याच्या एका कोपऱ्यात गुलाबाच्या रोपाच्या मुळाशी बसलेला इवलासा उंदीर. हात लावून लावून तो काळाकुळकुळीत, गुळगुळीत झालाय. गोष्ट अशी सांगतात की चर्चच्या भिंतीशी गुलाबाचं झाड होतं आणि ते फुलतंय तोवर गाव स्वतंत्र राहील अशी श्रद्धा होती. एके दिवशी झाड सुकलं. पाहतात तर मुळाशी उंदराने बीळ केलेलं. लवकरच डेन्मार्कच्या राजाने गाव घेतलं. आता त्याच उंदराला हात लावला की भाग्य उजळतं म्हणतात. मीही लावला. बोटाच्या पेराएवढा तो दगड गार आणि तेलकट होता, शेंदूर न लावलेल्या एखाद्या ग्रामदेवतेच्या पायासारखा.

आणि मग दक्षिण मनोऱ्याच्या तळाशी आलो. लोखंडी जाळीपलीकडे फरशीवर दोन घंटा पडल्या आहेत. पडल्या आहेत म्हणजे अक्षरशः पडल्या तशाच. १९४२ च्या मार्चमध्ये, २८ आणि २९ तारखेच्या मधल्या रात्री, ईस्टरच्या आधीच्या रविवारी ब्रिटिश विमानांनी गावावर बॉम्बचा वर्षाव केला. विमानं २३४, मेलेली माणसं ३२० च्या आसपास. जुन्या गावाचा पाचवा हिस्सा जळाला. मनोरे आतून पेटले आणि घंटा एवढ्या उंचीवरून खाली येऊन फुटल्या. मोठीचा काठ चुरमडून फरशीत रुतलाय, कडा एखाद्या फाटक्या कापडासारखी दुमडलीय. ओतीव धातू असा कागदासारखा वळतो हे मी पहिल्यांदाच पाहिलं. चर्च पुन्हा बांधलं, घंटा उचलल्या नाहीत. भिंतीवर एक छोटा क्रूस आहे, जुन्या खिळ्यांचा. तो इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहराने दिलेला. त्या गावाचं कॅथेड्रल १९४० मध्ये जर्मन विमानांनी जाळलं होतं, त्याच्या राखेतले खिळे जोडून असे क्रूस करण्याची प्रथा पडली. तिथे कोणी बोलत नव्हतं. आम्हीही बराच वेळ बोललो नाही.

याच चर्चमध्ये डीट्रिख बुक्स्टेहूडे १६६८ पासून ऑर्गनवादक होता. त्याचं वादन ऐकायला १७०५ मध्ये आर्नश्टाट गावाहून एक विशीतला पोरगा चारशे किलोमीटर चालत आला. रजा चार आठवड्यांची घेतलेली आणि परतला जवळजवळ चार महिन्यांनी. तो योहान सेबास्टियन बाख. गुरूच्या शोधात पायी निघणं आपल्याकडच्या गाणाऱ्यांना नवं नाही, म्हणून ही गोष्ट मला फार आपली वाटली.

चर्चबाहेर दगडी ठोकळ्यावर ब्रॉन्झचा छोटा सैतान बसलेला आहे. दारूचा गुत्ता बांधतायत असं समजून सैतानाने बांधकामाला हात लावला, चर्च आहे कळल्यावर दगड उचलून धावला आणि लोकांनी "शेजारीच तुझ्यासाठी गुत्ता बांधतो" म्हणून त्याला शांत केलं, अशी कथा. शेजारी खरंच नगरसभेखालचं तळघर आहे, तिथे वाइन मिळते.

नगरसभेची इमारत तेराव्या शतकापासून वाढत गेलेली, काळ्या चकाकत्या विटांची. चौकाकडच्या उंच दर्शनी भिंतीत मोठमोठी गोल भोकं ठेवलीत, वारा आरपार जावा म्हणून. आतल्या न्यायदालनाच्या दाराला दोन झडपा, एक उंच आणि एक बुटकी. निर्दोष सुटलेला उंच दारातून ताठ मानेने जाई, दोषी ठरलेल्याला बुटक्या दारातून मान वाकवून जावं लागे. निकाल ओरडून सांगायची गरजच नाही, चौकातल्या माणसाला कळायचं.

समोरच निडरएगरचं दुकान, १८०६ पासूनचं, मार्झिपानचं. बदाम आणि साखर एवढाच माल. गोव्यात नाताळात काजू वाटून जो मार्झिपान करतात तो आम्ही दोघींनी खाल्लेला होता. पोर्तुगीजांबरोबर आलेला पदार्थ तिथे बदामाऐवजी काजूवर स्थिरावला. ल्यूबेकच्या मार्झिपानमध्ये गोडवा कमी आणि बदामाचा हलका कडवटपणा जास्त. मला हा जास्त आवडला.

तिसरा दिवस

मिठाच्या उगमाला, ल्यूनेबुर्गला. ल्यूबेकहून थेट गाडी आहे, तासाभराची. वाटेत रात्सेबुर्ग, म्योल्न, लाउएनबुर्ग ही गावं लागतात आणि ठिकठिकाणी पाणी चमकतं. हाच मिठाचा जुना मार्ग. आधी बैलगाड्या-घोडागाड्यांनी मीठ यायचं. मग १३९८ मध्ये श्टेक्निट्स कालवा पुरा झाला. मधला चढ ओलांडून दोन नद्यांची खोरी जोडणारा असा कालवा युरोपात त्याआधी नव्हता. बंधाऱ्यामागे पाणी साठवायचं, दार उघडलं की त्या लोटाबरोबर होड्या सोडायच्या, उथळ जागी माणसांनी काठावरून दोरखंडाने ओढायच्या. एका खेपेला आठवडे लागत.

ल्यूनेबुर्गखाली मिठाचा अख्खा डोंगर पुरलेला आहे. त्यातून येणारं झऱ्याचं पाणी समुद्राच्या सातपट खारट. एका रानडुकराने चिखलात लोळण घेतली आणि वाळल्यावर त्याच्या केसांत मिठाचे खडे चमकले, त्यावरून शिकाऱ्याला झरा सापडला म्हणतात. त्या डुकराचं हाड म्हणून एक हाड नगरसभेत जपून ठेवलंय. हे पाणी शिशाच्या कढयांत उकळायचं. ५४ भट्टीघरं, प्रत्येकात चार कढया, रात्रंदिवस जाळ. आमच्या आगरात सूर्य जे काम फुकट करतो, ते इथे लाकूड जाळून करायचं. तेव्हा मिठाला 'पांढरं सोनं' का म्हणत हे कळलं. हजारभर वर्षं चाललेला हा उद्योग १९८० मध्ये बंद झाला.

त्याची किंमत गावाने जमिनीत मोजली. खालचं मीठ निघत गेलं तशी वरची जमीन खचत गेली. सेंट लांबेर्टी नावाचं चर्च त्यापायी एकोणिसाव्या शतकात उतरवावं लागलं. आजही त्या भागातल्या गल्लीत घराच्या भिंती पोट काढून उभ्या दिसतात, दारांच्या चौकटी तिरक्या. मीठ काढलं ल्यूनेबुर्गने, श्रीमंत तेही झालं, पण पाय त्याचे खचले. ल्यूबेकला पाहताना हे विसरू नये असं मला वाटतं.

बाख इथेही भेटला. पंधराव्या वर्षी तो इथल्या सेंट मिखाएलच्या शाळेत शिकायला आला होता.

संग्रहालयाच्या दुकानातून मिठाची पिशवी घेतली. चिमूटभर जिभेवर ठेवलं. बारीक, कोरडं, नुसतं खारट. आमच्या आगरातल्या जाड्या, करड्या खड्यांना मागून जी किंचित कडसर चव येते, ती यात नाही.

चौथा दिवस

दिवसभर पाऊस. बेटाच्या उत्तर टोकाला हान्सा संग्रहालय आहे, २०१५ मध्ये उघडलेलं. हान्सा म्हणजे व्यापाऱ्यांचा, आणि पुढे शहरांचा संघ. त्याला ना राजा, ना कायमची फौज, ना स्थापनेचा कागद. पत्रं लिहायची, अडलं तर ल्यूबेकला जमायचं. सगळ्या शहरांची पहिली बैठक १३५६ मध्ये ल्यूबेकच्या नगरसभेत झाली, शेवटची १६६९ मध्ये तिथेच. शस्त्र मुख्यतः एकच, बहिष्कार. एखाद्या शहराने शब्द मोडला की त्याच्याशी सगळ्यांचा व्यवहार बंद.

लंडन, आजच्या बेल्जियममधलं ब्रुज, नॉर्वेतलं बर्गेन आणि रशियातलं नोवगोरोद इथे त्यांची कायमची ठाणी होती. जर्मन शब्द कोंटोर. मला आपला 'वखार' हाच शब्द चपखल वाटतो. सुरतेला इंग्रजांची वखार होती तशीच : परक्या मुलखात आपलं कुंपण, आपले नियम, आपलं वजनमाप. बर्गेनच्या वखारीत राहणाऱ्याने लग्न करायचं नाही. नोवगोरोदला माल चर्चमध्येच ठेवत, कारण गावातली आगीपासून सुरक्षित अशी भक्कम इमारत तीच. फर आणि मेण तिकडून, सुका कॉड मासा बर्गेनहून, कापड ब्रुजभोवतीच्या फ्लँडर्स प्रांताचं.

बहिष्काराने भागलं नाही तेव्हा मात्र लढाई केली. डेन्मार्कच्या राजाशी युद्ध जिंकून १३७० मध्ये श्ट्रालझुंडला तह झाला आणि त्यात काय मागून घेतलं? स्कॅनिया किनाऱ्यावरचे किल्ले, पंधरा वर्षांसाठी. म्हणजे पुन्हा हेरिंगच! दालनात तो तह वाचताना मी भाचीचा हात दाबला.

दुपारी पवित्र आत्म्याचं इस्पितळ पाहिलं. श्रीमंत व्यापाऱ्यांनी १२८६ च्या सुमारास म्हाताऱ्या, आजारी, निराधार माणसांसाठी बांधलेलं. लांबलचक दालनात लाकडी खोपट्यांच्या रांगा आहेत, प्रत्येकीत एक खाट आणि एक पेटी मावेल एवढीच जागा, दारावर नंबर. ही खोपटी १८२० मधली. त्याआधी नुसत्याच खाटा असत. १९७० पर्यंत यात माणसं राहत होती. एका खोपट्याच्या दारात मी उभी राहिले. आत खुंटी होती, तिच्याभोवतीचं लाकूड कोट अडकवून अडकवून झिजलं होतं. सातशे वर्षांपूर्वी नफ्यातला वाटा काढून एखादी गोष्ट उभारायची आणि ती इतकी चालवायची, याबद्दल त्या व्यापाऱ्यांविषयी मनात आदर वाटला.

जवळच सेंट याकोबी, खलाशांचं चर्च. 'पामीर' हे शिडाचं जहाज १९५७ मध्ये वादळात बुडालं. ८६ जण होते, सहा वाचले. त्याची एक फुटकी जीवरक्षक होडी इथे ठेवली आहे. मरण पावलेल्यांत पोरसवदा शिकाऊ खलाशी पुष्कळ. समोर खलाशांच्या संघाचं १५३५ मधलं घर आहे, आता तिथे खाणावळ चालते. छताला जहाजांच्या प्रतिकृती टांगल्यात आणि लांब बाकांवर अनोळखी माणसांच्या शेजारी बसूनच जेवायचं.

परतताना बोळ हिंडलो. जागा बेटाएवढीच आणि माणसं वाढत गेली, तेव्हा मोठ्या घरांच्या परसात गरिबांसाठी छोटी घरं बांधली आणि पुढच्या घरातूनच बोगद्यासारखी वाट ठेवली. नव्वदएक बोळ अजून शिल्लक आहेत. वाट किती रुंद असावी? शवपेटी बाहेर काढता येईल इतकी, असं सांगतात. एका वाटेत मला छत्री मिटून, वाकून शिरावं लागलं आणि पलीकडे एकदम उजेड, गुलाबांच्या वेली, दाराशी सायकली, आणि कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून येणारा कांदा परतल्याचा वास.

पाचवा दिवस

शेवटचा दिवस समुद्राला. ट्राव्हे जिथे बाल्टिकला मिळते ते ट्राव्हेम्युंडे. हे मुख ल्यूबेकने १३२९ मध्ये विकतच घेतलं. नदीच्या तोंडावर दुसऱ्या कोणाचा हात नको. १५३९ मधला विटेचा दीपस्तंभ अजून उभा आहे, पलीकडच्या काठाला 'पासाट' हे १९११ मधलं चार डोलकाठ्यांचं जहाज. 'पामीर' त्याच कंपनीचं, त्याच जातीचं. काल ती होडी पाहिल्यानंतर हे सगळंच्या सगळं उभं असलेलं जहाज पाहून बरं वाटलं.

मी वाळूत उतरून पाणी चाखलं. खरोखरच जवळजवळ अळणी.

धक्क्यावरच्या टपरीतून माट्येस घेतलं, म्हणजे मिठात मुरवलेलं कोवळं हेरिंग, पावात घालून, वर कच्च्या कांद्याच्या चकत्या. भाचीने विचारलं, "कसं लागतंय गं, मावशी?" पहिल्या घासाला आजीच्या स्वयंपाकघरातली चिनीमातीची बरणी आठवली. पावसाळ्याची बेगमी म्हणून ती बांगडे फाडून मिठात थर लावून ठेवायची आणि श्रावणाआधी एकेक काढून, पाण्यात भिजवून, तव्यावर टाकायची. माट्येस त्याहून मऊ, खारटपणा कितीतरी कमी, पण जात तीच.

आम्ही खात होतो तेवढ्यात नदीतून एक भलीमोठी फेरीबोट निघाली, मालट्रकांनी भरलेली. टपरीवाल्याला विचारलं ही कुठे जाते. तो म्हणाला, मालमोला. नकाशा काढून पाहिलं. मालमो म्हणजे स्कॅनियाच, त्या हेरिंगचा किनारा. बोट दीपस्तंभापलीकडे जाईपर्यंत आम्ही दोघी धक्क्यावर उभ्या होतो.